प्रमाण बोट

चिमटा — कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढाच, काळ्या प्लास्टिकचा, आतून मऊ रबर लावलेला, आणि त्या रबराच्या मधोमध मोहरीएवढा तांबडा उजेड. यंत्र सुरू केलं की तो दोनदा लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. रबरावर एक खळगा पडला आहे, नखाच्या बाजूला जरा खोल, टोकाकडे उथळ. अकरा वर्षं रोज सकाळी साडेआठला एकच बोट त्यात जाऊन बसलं तर दुसरं काय होणार... डाव्या हाताचं मधलं. दुसऱ्या कुणाचं बोट घातलं तर चिमटा लंगडतो, तिचं घातलं की जुन्या चपलेसारखा बसतो.

आज तिनं बोट घातलं नाही. साडेआठ वाजून गेले, आठ पस्तीस झाले, आणि ती पांढऱ्या कोटाच्या खिशात दोन्ही हात खुपसून चिमट्याकडे नुसती बघत उभी राहिली. चिमट्याशेजारी कालच आलेली बाटली होती, ताकासारखं पांढरट पाणी भरलेली, आणि बाटलीखाली दाबून ठेवलेला एक कागद. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून काल सरांनीच बाटली त्यावर ठेवली होती. खोलीत वारा नसतो. खोली चोवीस अंशांवर बंद असते, वारा आला तर बोटांतलं रक्त बिथरतं, आकडे हलतात — हे सरांनीच तिला शिकवलेलं. तरी बाटली ठेवली. कुठल्याही कागदावर काहीतरी वजन ठेवायचं, ही त्यांची सवय.

आणि या कागदावरचं वजन म्हणजे मी, तिच्या मनात आलं.

कागद तिला आता पाठ होता. ‘यंत्राच्या दैनंदिन मांडणीत तंत्रज्ञाकडून झालेली चूक, तसेच स्वतःच्या प्रकृतीविषयी तंत्रज्ञाने वेळीच न दिलेली माहिती यांमुळे सदर शोधनिबंधातील काही आकडे सदोष ठरले असून...’ खाली सहीसाठी जागा. सरांची नव्हे, तिची. काल संध्याकाळी ते दारातच उभं राहून म्हणाले होते, “वाचा आणि सही करून ठेवा, बाई. उद्या चार वाजता येतो मी न्यायला. नियतकालिकाला पाठवायचंय. नुसती औपचारिकता आहे हो. दीड वर्षात निवृत्त होणार तुम्ही, तुमचं काय जाणार आहे? माझ्या मागे अख्खा विभाग आहे.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. आयुष्यभर रक्ताचा वेग मोजणाऱ्या बाईला ठाऊक असतं की काहीही पायातून डोक्यात इतक्या झटकन जात नाही, रक्ताला सगळ्या अंगाची एक फेरी मारायला स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटभर लागतं. काल मात्र ती आग ताबडतोब गेली होती. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? “हो सर.” झालं. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं.

तिनं बाटलीचं झाकण काढलं, चिमट्यातली उजेडाची दांडी बाहेर ओढून आत बुडवली आणि यंत्राचं बटण फिरवत आकडा शंभरावर आणला. या पाण्यात बारीक कण असतात आणि ते ठरावीक वेगानं सतत थरथरत असतात. तांबडा उजेड त्यांच्यावर आपटून परत येतो, कातडीखालच्या धावत्या रक्तावरून येतो तसाच. रोज सकाळी यंत्राला आधी हे पाणी दाखवायचं आणि बजावायचं, हे शंभर, आता बाकी सगळं याच्या मानानं सांग. इतकं साधं. पण बाटली सहा महिन्यांत निकामी होते, बाहेरून मागवावी लागते, आणि अकरा वर्षांपूर्वी एकदा ती यायला चार महिने उशीर झाला... तेव्हा सर याच खोलीत, याच टेबलावर कोपर टेकून म्हणाले होते, “बाटलीवाचून अडलंय कुठं? बाईंचं बोट आहे की! दहा दिवस मोजतोय आपण, शंभराच्या अलीकडे-पलीकडे हलत नाही. हे तर बाटलीहून बरं, संपतही नाही.” सगळे हसले होते. तीही हसली होती. आणि... काय लपवायचं... छाती फुगली होती. विभागातली माणसं तिला ‘शंभर नंबरी’ म्हणायला लागली. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, “आजपासून माझं बोट म्हणजे शंभर.” तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, “आणि बाकीची तू किती?”

तात्पुरती सोय होती ती. पण आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य दांडगं. चार महिन्यांनी बाटली आली, ती फडताळात राहिली आणि तिथेच खराब झाली. पुढे मागवणंच थांबलं. तिसऱ्या वर्षी तिनं नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं होतं — ‘नवीन बाटली मागवावी काय?’ त्या ओळीपुढे सरांची हिरवी शाई : ‘गरज नाही’. ती वही आहे. पलीकडच्या फडताळात वरून दुसरी. काल रात्रभर ती त्या हिरव्या शाईतच झोपली होती म्हणायला हरकत नाही.

तर मग मांडणीतली चूक कुणाची?

तिनं दांडी पुसली, बाटलीचं झाकण लावलं आणि कागद तिच्याखालून काढून पालथा ठेवला.

हे सगळं उघडं पडलं तेही हसण्यातूनच. दोन महिन्यांपूर्वी मुलीचं बाळंतपण होतं, ती आठ दिवस रजेवर गेली. शंभराला बोट हवं म्हणून विभागातल्या आकडेवाल्यानं, म्हणजे सरांच्या शोधनिबंधांचं गणित सांभाळणाऱ्या माणसानं, स्वतःचं बोट घातलं. त्या आठवड्यात तपासायला आलेल्या प्रत्येकाच्या पायातलं रक्त निम्म्याहून खाली उतरलं, आणि ती परत आली त्या दिवसापासून पुन्हा वर चढलं. “बाई रजेवर गेल्या की पेशंट बिघडतात,” असं चहाच्या वेळी चाललं होतं. सर मोठ्यानं हसत होते. ती लाजत होती... लाजत होती! फक्त आकडेवाला हसत नव्हता. तो कपातला चहा तसाच ठेवून तिच्या हातांकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी तो कुठूनशी उसनी बाटली घेऊन आला, सर्वांसमोर यंत्र त्या पाण्यावर लावलं, आणि तिला म्हणाला, “बाई, जरा बोट.” तिनं घातलं. चौतीस.

मग सर म्हणाले, “म्हणजे... सहा वर्षांचे सगळे आकडे?”

हे पहिलं वाक्य. तिच्या बोटात तीन हिश्शांतलं एकच रक्त पोचतंय, हे कळल्यावर एका डॉक्टराच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य. तेव्हा तिलाही ते खटकलं नव्हतं, तिनंही मनात आकडेच मोजले होते. खटकलं ते नंतर, परवा, संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी बोटं उलटीपालटी करून दोन मिनिटांत सांगितलं तेव्हा. बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसत चालल्यात, सात-आठ वर्षं तरी झाली असतील, लवकर आला असतात तर बरं झालं असतं. आणि मग त्यांनी सहज विचारलं, “काय काम करता आपण?” काय सांगणार? रक्ताभिसरणावरच्या संशोधनात आहे. अकरा वर्षं रोज सकाळी हेच बोट यंत्रात घालते.

बोट उतरत गेलं. उतरत्या बोटाला रोज सकाळी शंभर म्हणायचं, तर यंत्राचं बटण रोज एक केसभर वर फिरणार, आणि समोरच्याच्या पायातलं रक्त आहे तेवढंच राहिलं, कमी झालं, तरी आकडा वाढणार. सरांच्या व्यायामपद्धतीनं पायाचं रक्त सहा वर्षांत सव्वापट वाढतं, असा तो गाजलेला शोधनिबंध. वाढलं नव्हतं कुणाचंच. आटलं होतं तिचं.

अकराच्या सुमाराला पोस्टमनकाका आले, त्या चौतीसनंतर दोन महिने बंद असलेल्या तपासणीला आलेले पहिलेच. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी दारावर दोनदा टकटक करून मगच आत येतात. अभ्यास सुरू झाला तेव्हापासूनचे हे, दर तीन महिन्यांनी येणारे, एकदाही न चुकलेले. डाव्या पायाची मोठी रक्तवाहिनी मांडीतच बुजलेली. सरांची पद्धत त्यांना मनापासून पटली होती. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या, तीस वेळा, दिवसातून तीनदा. मोठा रस्ता बंद झाला तर रक्त आडवाटा शोधतं, आपण फक्त त्याला रेटा द्यायचा. “हे मला कुणी शिकवायला नको,” असं काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “उभा जन्म आडवाटांनीच गेला.”

“काय ताई, आज किती मार्क पडतात बघू,” म्हणून त्यांनी मोजा काढला आणि पलंगावर आडवे झाले.

तिनं चिमट्याऐवजी अंगठ्याला लावायची चकती चिकटवली. अंगठ्याच्या टोकाला निळसर काळं काहीतरी, वाटाण्याएवढं. मागच्या वेळी ते मसुरीएवढं होतं, आणि तिनं ते पाहिलं होतं. पाहून नोंदवहीत चौसष्ट लिहिलं होतं, कारण यंत्रावर चौसष्ट होते. “वाढलं हो काका!” असं आनंदानं म्हणालीही होती. पहिल्या वर्षी एकेचाळीस, मग शेहेचाळीस, मग बावन्न... प्रत्येक वेळी तिनंच सांगितलं होतं, सरांनी नाही, तिनं, या तोंडानं. दोन वर्षांपूर्वी शल्यचिकित्सक म्हणाले होते की मांडीतून दुसरी नळी जोडून रक्त खाली नेऊ. आणि काका इथे येऊन तिला विचारून गेले होते, “एवढे चांगले मार्क पडत असताना पाय कशाला फाडून घ्यायचा, नाही का?”

नाही का. तेव्हा ती काय म्हणाली होती? हसली होती बहुतेक.

बावीस.

तिनं चकती काढून पुन्हा चिकटवली. बावीस. एकवीस. बावीस.

“झालं?” काकांनी छताकडे बघत विचारलं.

पेशंटांना इतक्यात काही बोलायचं नाही, पत्र गेल्याशिवाय नाही, असं सरांनी बजावलं होतं. ती हातपुसणं घेऊन चकती पुसत राहिली, स्वच्छ होती तरी. आतून काहीतरी वर येत होतं, रडू नव्हे, रडू तिला ओळखीचं आहे. हे निराळं होतं. बोलायचं नाही! ज्याच्या पायाचा अंगठा काळा पडतोय त्यानं पत्राची वाट बघायची, आणि पत्रानं माझ्या सहीची.

“काका,” ती म्हणाली, “आज बावीस आहेत.”

“बावीस?” ते उठून बसले. “टाचा तर उचलतोय मी.”

“तुमचं काही चुकलं नाही. आधीचे आकडे खोटे होते. यंत्र माझ्या बोटाच्या मानानं लावत होतो आम्ही, आणि माझं बोटच बिघडत होतं. तुमचं रक्त वाढत नव्हतं, काका. कमीच होत गेलंय. तुम्ही याच आठवड्यात त्या शल्यचिकित्सकांकडे जा. उद्याच जा. मी चिठ्ठी देते, आजचा आकडा घालून.”

त्यांनी मोजा हातात घेतला. मग मोज्याची टाच नीट समोर आणत म्हणाले, “म्हणजे सहा वर्षं मी टाचा कुणासाठी उचलत होतो?”

तिनं चिठ्ठीचा कागद पुढे ओढला.

“तुम्ही सांगितलंत म्हणून मी मुलीला ओरडलो होतो,” ते म्हणाले. “ऑपरेशन कर म्हणून मागे लागली होती. तुला काय कळतं, म्हणालो. ताईंकडे आकडा असतो.”

त्यांनी मोजा चढवला. त्यांच्या आवाजात राग होता आणि तो त्यांना शोभत होता. तिला वाटलं, असाच राग आपल्याला का येत नाही, सरळ, समोरच्याच्या तोंडावर... आपला सगळा घरी नेऊन भांड्यांवर निघतो. चिठ्ठी लिहिताना पेन दोनदा निसटलं. काकांनी ते जमिनीवरून उचलून दिलं आणि देता देता तिचा दुसरा, डावा हात धरून ठेवला. उलटा केला, खिडकीकडे धरला. मधलं बोट पेरापर्यंत पांढरंफटक पडलं होतं, खडूसारखं.

“हेच का ते बोट?”

“हो.”

“दुखतं का?”

दोन महिने झाले. सर, आकडेवाला, विभागातले सगळे, किती बैठका, किती आलेख... या बोटावर सगळ्यांनी चर्चा केली, याच्याकडे बोट दाखवलं, आणि हा प्रश्न विचारायचा राहून गेला. आणि विचारला कुणी, तर ज्याचं नुकसान झालं त्यानं. तिला काकांचाच राग आला क्षणभर. इतकं चांगलं वागू नका हो, असं ओरडावंसं वाटलं.

“गार पाणी लागलं की दुखतं,” ती म्हणाली.

“मग हातमोजे घालत जा,” असं म्हणून त्यांनी हात सोडला आणि जिन्यानं हळूहळू खाली गेले. दर चार पायऱ्यांनी थांबल्याचं तिला वर ऐकू येत होतं.

दुपारी तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. हिरव्या शाईची वही काढून टेबलावर ठेवली. ही दाखवली की संपलं. ‘गरज नाही’ कुणी लिहिलं, बघा म्हणावं. मी विचारलं होतं. मी निर्दोष आहे. बोट माझं होतं, ठरवणारे सर होते. दोषाची टोपी त्यांच्या डोक्यावर बरोबर बसते, माझ्या डोक्यावर का दाबता?... ती पानं चाळत गेली, वर्षावर वर्ष, रोजची एकच ओळ तिच्या टपोऱ्या अक्षरात : ‘प्रमाण — बोट (डावे, मधले) — शंभर.’ ‘शंभर.’ ‘शंभर.’ आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका पानाशी हात थांबला. त्या पानावर वेगळं काहीच नव्हतं. तीच ओळ, तोच शंभर. पण तो दिवस तिला ठाऊक होता.

त्या सकाळी बटण शेवटपर्यंत फिरवूनही आकडा सत्त्याऐंशीवर अडला होता. ती उठली, दार लावलं, कोपऱ्यातल्या नळाखाली गरम पाणी सोडलं आणि हात त्यात धरून बसली, बोटं लाल होईस्तोवर. मग पुन्हा चिमटा. शंभर. हायसं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती पंधरा मिनिटं आधीच यायला लागली. सव्वाआठला नळ. रोज. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. स्वतःला सांगितलं की थंडीचे दिवस आहेत. उन्हाळ्यातही तेच सांगितलं.

‘वेळीच न दिलेली माहिती...’

वाक्य सरांचं होतं, लबाडीचं होतं, त्यांना नळाची काही कल्पनाही नव्हती, त्यांनी ते अंधारात मारलं होतं. आणि ते लागलं होतं. तिला संताप आला, आधीचा नव्हे, नवाच, दोन्हीकडून पेटलेला. लहानपणी मुलगी अंगाला हात लागला की किंचाळायची, “आई, हात नको!” दोन महिन्यांपूर्वी नातीला घ्यायला गेली तर मुलगी पुन्हा तेच म्हणाली, हसत, पण म्हणालीच. तेव्हा तिनं हात पदराखाली घेतले होते. सगळ्या घराला माहीत होतं की हात गार पडतात. तिलाच शंभर राहायचं होतं. तिला बाकी कशात कुणी शंभर म्हटलं नव्हतं कधी — स्वयंपाकात नाही, शिक्षणात नाही, नवऱ्यानं तर विचारूनच ठेवलं होतं, बाकीची तू किती... एक बोट तेवढं होतं. ते कसं सोडणार?

आणि त्या बोटापायी काकांचा अंगठा.

नाही, सर सुटत नाहीत. तिनं वहीवर तळहात आपटला. मी नळाखाली हात धरला म्हणून ‘गरज नाही’ पुसलं जात नाही. माणसाच्या बोटावर सहा वर्षांचा अभ्यास उभा करणारे ते, त्यावर व्याख्यानं देत फिरणारे ते, आणि आता हात झटकून मोकळे होणारे तेच. पण मीही सुटत नाही. त्यांच्या कागदावर माझी खोटी चूक लिहिली आहे. खरी चूक मलाच लिहावी लागेल, आणि ती लिहिली की ते म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हतो? म्हणू देत. की नकोच? वही दाखवावी आणि नळाचं पोटात ठेवावं? नळाला साक्षीदार कोण आहे?... मी आहे. दुर्दैव.

पावणेचार. तिनं एक कोरा कागद घेतला. पालथ्या कागदाशेजारी ठेवला. मग उगाचच, म्हणजे उगाच नव्हे, यंत्र सकाळी बाटलीवर लावलेलं तसंच होतं. तिनं हात ऊनऊन करून घेतले नाहीत, चोळले नाहीत, नळाकडे पाहिलंही नाही. पंधरा मिनिटं स्वस्थ बसायचा नियम, ती बसली. हात छातीच्या पातळीवर. मग बोट खळग्यात ठेवलं आणि चिमटा मिटला.

एकोणीस.

काकांहून तीन कमी. आकडा जरासा थरथरला, अठरा झाला, पुन्हा एकोणीस. अकरा वर्षांत या चिमट्यानं प्रथमच तिला एकटीला काहीतरी सांगितलं होतं. आजवर तीच त्याला सांगत आली होती. वाईट वाटायला हवं होतं. वाईट नाही वाटलं. इतका वेळ अंगभर फिरत असलेला तो संताप एका जागी येऊन बसला, शांत नव्हे, पण बसला, आता कुठं जायची घाई नसल्यासारखा. एकोणीस तर एकोणीस. माझे आहेत. कुणाच्या पायाला लावायचे नाहीत.

जिन्यात सरांची पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या चढत येणारी, दम न लागणारी पावलं. तिनं पेन उचललं, कोऱ्या कागदावर टेकवलं, आणि ते बोटांतून घरंगळलं. उजव्या हाताचीही तिन्ही बोटं पांढरी पडली होती, पेन धरल्याचं कळतच नव्हतं. तिनं हात काखेत घट्ट दाबून धरला आणि वाट बघू लागली. रक्त परत येतं, तिला माहीत आहे, आधी मुंग्या येतात, मग आग होते, मग बोट लाल होतं आणि मग अक्षर काढता येतं. सात-आठ मिनिटं लागतात. दाराची मूठ फिरली.

“झालं का, बाई?”

“थांबा,” ती म्हणाली. ‘सर’ म्हणायचं राहिलं, ते तिच्या लक्षात आलं, आणि तिनं ते तसंच राहू दिलं.